व्हिनाइल प्लँक घेताना जाडी सगळ्यात शेवटी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके. बिल्डरनं बसवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स न फोडता त्यावर लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल प्लँक टाकायचं आहे, स्वयंपाकघरासकट सगळीकडे. घरात गुडघेदुखीच्या सासूबाई आणि रांगणारं बाळ. दुकानदारानं २ मिमीपासून ६ मिमीपर्यंतचे नमुने दाखवले, सगळ्यांना '१०० टक्के वॉटरप्रूफ' म्हटलं आणि 'जितकं जाड तितकं चांगलं' असं सांगून मोकळा झाला. चांगला माल ओळखायचा कसा?

ताई, मी पुण्या-मुंबईत आणि अधूनमधून कोकणात फ्लोअरिंगची कामं घेतो. दुकानात सगळ्यात आधी सांगितला जातो तो जाडीचा आकडा, आणि मालाच्या दर्जाबद्दल सगळ्यात कमी सांगतो तोही तोच. २ मिमीचं उत्तम प्लँक मिळतं आणि ६ मिमीचं टाकाऊही मिळतं.

मुळात 'व्हिनाइल प्लँक' या एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. २ ते ३ मिमीचा, हातात घेतला की वाकणारा, खाली गोंद लावून चिकटवायचा तो एलव्हीटी. ४ मिमीच्या पुढचा, कडक, एकमेकांत खटकन अडकणारा तो एसपीसी. याच्या पोटात चुनखडीच्या दगडाची पूड आणि पीव्हीसी असतं, त्यातही पूड निम्म्याहून जास्त. तिसरा डब्ल्यूपीसी. त्याच्या पोटात फुगवलेला फोमसारखा थर असतो, त्यामुळे तो हलका, पायाला मऊ आणि जड कपाटाखाली दबणारा. मागचा कागद सोलून स्टिकरसारख्या चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात. त्या भाड्याच्या खोलीत वर्षभरासाठी ठीक, स्वतःच्या घरात नकोत. म्हणजे २ मिमी विरुद्ध ६ मिमी ही तुलनाच चुकीची आहे, कारण त्या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

कुठलीही पट्टी घ्या, पायाखाली झिजतो तो फक्त सगळ्यात वरचा पारदर्शक थर. त्याला वेअर लेअर म्हणतात. त्याच्याखाली लाकडाचं चित्र छापलेली फिल्म असते. वेअर लेअर संपला की चित्र जातं, आणि इथे लाकडासारखं घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. ती पट्टी बदलावीच लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, 'वेअर लेअर किती?' उत्तर 'ट्वेल्व्ह मिल', 'ट्वेंटी मिल' असं आलं तर गोंधळू नका. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. १२ मिल म्हणजे साधारण ०.३ मिमी, २० मिल म्हणजे ०.५ मिमी आणि ८ मिल म्हणजे जेमतेम ०.२ मिमी. काही विक्रेते या दोन मापांच्या सरमिसळीवरच धंदा करतात, काहींना स्वतःलाच फरक माहीत नसतो. बॉक्सवर मिमीमध्ये छापलेला आकडा दाखवा म्हणायचं. ०.१ मिमीचा माल स्वस्तात मिळतो. सोफ्यासमोर आणि दारापाशी त्याचं चित्र लवकर पुसट होतं. घरासाठी ०.३ च्या खाली जाऊ नका. हॉलला ०.५ मिळाला तर पैसे सार्थकी लागतात.

त्याहून पुढे मात्र जाऊ नका. ०.७ मिमीचा वेअर लेअर दुकानं आणि दवाखाने यांच्यासाठी असतो. आपल्याकडे घरात चपला घालून कोणी वावरत नाही, त्यामुळे झीज बुटांनी होतच नाही. ती होते बाल्कनीतून येणाऱ्या बारीक वाळूनं आणि ओढलेल्या स्टीलच्या खुर्च्यांनी. बाल्कनीच्या दाराशी एक चांगलं पायपुसणं आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट एवढं केलंत तर ०.३ देखील घराला पुरून उरतो. पायपुसण्याची पाठ मात्र रबराची नको. रबरातली काही रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट डाग पडतो. तो वरून पडलेला नसतो, आतच मुरलेला असतो, त्यामुळे कशानंही निघत नाही.

युरोपीय पद्धतीचा वापर-वर्ग, म्हणजे माल किती वर्दळीसाठी आहे हे सांगणारा आकडा, छापलेला असला तर काम सोपं होतं. २१ ते २३ हे घरगुती वर्ग, ३१ ते ३४ व्यापारी. '२३/३१' किंवा '२३/३३' असं दिसलं की घरासाठी भरपूर झालं.

आता पट्टीचं पोट. एसपीसी वजनाला जड असतं, आणि 'बघा, किती सॉलिड' म्हणून ते तुमच्या हातात दिलं जातं. वजनाला भुलू नका. दगडाची पूड पीव्हीसीपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून हलक्या मालात ती वाजवीपेक्षा जास्त कोंबतात. पट्टी जड होते आणि ठिसूळही होते. हा ठिसूळपणा पहिल्यांदा दिसतो तो कडेच्या लॉकमध्ये, म्हणजे पट्ट्या एकमेकांत अडकतात त्या खाचेत. लॉक म्हणजे या फ्लोअरिंगचा जीव. तो तुटला की सांधा उघडतो, त्यात कचरा बसतो, पाणी उतरतं आणि पट्टी चालताना वाजायला लागते. नमुन्याचे एक नाही, दोन तुकडे मागा, लॉक असलेल्या कडेचे. ते जोडा, सोडवा, पुन्हा जोडा, असं तीन-चारदा करा. मग लॉकची जीभ अंगठ्यानं हळू दाबा. पांढरी पूड झडली किंवा कड टचकन मोडली तर तो माल तिथेच सोडा. बॉक्सवर लॉकच्या पेटंटचा परवाना दाखवणारं लेबल आहे का, हेही बघा. युनिलिन, व्हॅलिंगे, आय-फोर-एफ ही त्यातली प्रमुख नावं. नकली लॉक दिसायला तसेच असतात, पण त्यांच्या मापात सफाई नसते आणि बसवताना हातोडीचे ठोके घालावे लागतात. आमचे कारागीर पहिल्या दहा पट्ट्यांतच सांगतात माल कसा आहे ते.

जाडीतही मेख आहे. '५ मिमी' म्हणून विकल्या जाणाऱ्या एसपीसीत बहुधा १ मिमी खालचं फोमचं अस्तर असतं, म्हणजे खरी पट्टी ४ मिमी. हे वाईट नाही, पण माहीत हवं. '४ मिमी' म्हणून घेतलेल्या मालात अस्तर धरलेलं असलं तर पट्टी ३ मिमीच उरते, आणि तेवढ्या जाडीत धड लॉक कापता येत नाही. अस्तर आयएक्सपीई जातीच्या फोमचं असलं तर चांगलं. ईव्हीए जातीचा फोम लवकर दबतो. पट्टीला अस्तर असताना त्याखाली आणखी फोम अंथरायचा नाही. 'गुबगुबीत होईल' म्हणून बरेच जण तो आग्रहानं घालून घेतात आणि मग पावलागणिक लॉक वर-खाली होऊन तुटतात.

बाळ आहे म्हणून रसायनांबद्दल थोडं सविस्तर. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचिक करायला प्लास्टिसायझर घालतात, आणि त्यातल्या फ्थॅलेट गटातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. अमेरिकेतल्या होम डेपो आणि लोव्ज या दोन मोठ्या साखळ्यांनी २०१५ मध्ये फ्थॅलेट असलेलं व्हिनाइल फ्लोअरिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघानं जुलै २०२० पासून चार फ्थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. कडक एसपीसीच्या पोटाला प्लास्टिसायझर फारसं लागतच नाही, मऊ एलव्हीटी आणि रोलच्या व्हिनाइलला लागतं. त्यामुळे रांगतं मूल असलेल्या घरात मी एसपीसीकडे झुकतो. दुसरा धोका भंगारातून पुन्हा वितळवलेल्या पीव्हीसीचा. जुन्या केबल आणि पाइपमधलं शिसं त्यातून येऊ शकतं. म्हणून 'व्हर्जिन पीव्हीसी'चा आग्रह धरा आणि तो शब्द बिलावर लिहून घ्या.

फ्लोअरस्कोअरचा शिक्का बऱ्याच बॉक्सवर दिसतो. तो खरा असेल तर उपयोगाचा, पण तो हवेत किती वायू सुटतात एवढंच तपासतो; फ्थॅलेट किंवा शिशाबद्दल तो काही सांगत नाही. त्यासाठी वेगळा चाचणी अहवाल मागावा लागतो. अहवालावर मालाचं नाव आणि तारीख वाचा. दुसऱ्याच कंपनीच्या मालाचा अहवाल पुढे करणारे महाभाग आहेत.

अहवाल हातात आलाच तर त्यातली आणखी एक ओळ शोधा, मापाच्या स्थिरतेची. यात पट्टी ८० अंश सेल्सिअसला सहा तास तापवतात आणि गार झाल्यावर ती कायमची किती आकसली ते मोजतात. हा आकडा टक्क्यांत असतो. ०.२५ टक्के म्हणजे १२२० मिमीच्या पट्टीत ३ मिमीची घट, ०.१ टक्का म्हणजे सव्वा मिमीच्याही आत. आकडा जितका लहान तितके पुढे सांधे कमी उघडतील. ही ओळ कोणी वाचत नाही, खरं तर मालाचा कस इथेच कळतो.

अहवाल मिळाला नाही तर घरच्या घरी थोडं करता येतं. नमुन्याचा तुकडा स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावा, डबा दुपारभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी उघडून वास घ्या. हलका प्लास्टिकचा वास येणारच, पण डोक्यात जाणारा उग्र दर्प आला तर ते तुमच्या बेडरूममध्ये नको. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, तरी अगदी वाईट माल यातून गळतो. दुसरा तुकडा उघडाच गच्चीवर उन्हात दिवसभर ठेवा आणि संध्याकाळी सपाट ओट्यावर उलटा-सुलटा ठेवून डुलतो का बघा. तिसऱ्यावर तेलात कालवलेली हळद आणि ओलं कुंकू रात्रभर राहू द्या. हळदीची पिवळट झाक उरली तरी घाबरू नका, ती उजेडानं फिकी पडते. कुंकवाचा रंग मात्र अवघड. फिकट रंगाची पट्टी निवडत असाल तर देवघरापुढे काय करायचं याचा विचार आधीच करा. निरांजन आणि अगरबत्तीची ठिणगी व्हिनाइलवर पडली की भोक कायमचं. तिथे एक ग्रॅनाइटचा तुकडा किंवा मोठं तबक हवंच.

डिझाइनबद्दल मी फारसं बोलणार नाही, ती तुमची आवड. एकच सांगतो. चार-पाच बॉक्स फोडून पट्ट्या जमिनीवर मांडायला लावा. स्वस्त मालात लाकडाची चार-सहाच चित्रं पुन्हापुन्हा छापलेली असतात, आणि बसवल्यावर तीच गाठ दर दोन फुटांवर डोळा मारत राहते.

आता अशी गोष्ट जी विकणारा सहसा काढत नाही: तुमची आत्ताची फरशी. उत्तम पट्टी वाईट फरशीवर टिकत नाही. दोन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी घेऊन ती हॉलभर फिरवा. पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड भरावं लागेल, आणि चकचकीत टाइलवर ते प्रायमरशिवाय धरत नाही. मग लाकडी मुठीनं एकेक टाइल वाजवा. पोकळ वाजणारी, पायाखाली हलणारी टाइल आधी काढून पक्की करा. वर आलेल्या कडा घासून घ्या. चिकटवायचं एलव्हीटी घेणार असाल तर टाइल्समधला प्रत्येक सांधा भरून गुळगुळीत करावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत चौकोनांची जाळी वरून दिसायला लागते. एसपीसीला बारीक सांधे चालतात.

उंची बघायला विसरू नका. ५ मिमीची भर पडली की बेडरूमची दारं घासतात, ती खालून कापावी लागतात. मुख्य दार कापणं त्रासाचं, सेफ्टी डोअरचं तर लोखंडच. बाल्कनीच्या स्लायडिंगचा ट्रॅक, बाथरूमच्या उंबऱ्याची पट्टी, भिंतीतल्या कपाटांचे खालचे दरवाजे, सगळं एकदा मोजा. जिथे ५ मिमीला जागाच नाही तिथे २ मिमीचं चिकटवायचं एलव्हीटी हाच शहाणपणाचा पर्याय. जाडी विचारायची वेळ ही. आधी नाही.

'१०० टक्के वॉटरप्रूफ' खरं आहे, पण ते पट्टीबद्दल. पट्टी पाण्यात बुडवून ठेवली तरी लॅमिनेटसारखी फुगत नाही, वाळवी तिला खात नाही. फ्लोअरिंग मात्र वॉटरप्रूफ नसतं. पट्ट्यांच्या सांध्यांतून आणि भिंतीकडच्या फटीतून पाणी खाली जातं, टाइल आणि पट्टीच्या मध्ये अडकतं आणि तिथून वाळत नाही. मग कुबट वास येतो. गणपती-दिवाळीला बादल्या ओतून फरशी धुण्याची सवय असेल तर ती आता सोडावी लागेल. घट्ट पिळलेल्या मॉपनंच पुसायचं, आणि अ‍ॅसिड, ब्लीच, थिनर यांपासून लांब राहायचं. बाथरूमची भिंत बाहेरून ओलसर असेल तर आधी ती गळती थांबवा. वरून व्हिनाइल टाकलं की ओल दिसायची बंद होते, असायची बंद होत नाही. तुमचा सहावा मजला आहे म्हणून जमिनीतून ओल चढण्याचा प्रश्न नाही. तळमजल्यावरच्या वाचकांनी, विशेषतः कोकणात, दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली घाम आला किंवा फरशी काळवंडली तर व्हिनाइलचा विचार सोडून द्यावा. ही तपासणी मे महिन्यात करून काही कळत नाही, पावसाळ्यात करा.

स्वयंपाकघरात तुम्ही टाकू नका, असंच मी सांगेन. सिंकखालची गळती, सिलिंडर ओढताना त्याच्या बुडाच्या रिंगचे ओरखडे, खाली टेकवलेला गरम कुकर, या तिन्हींपुढे तुमच्या आत्ताच्या टाइल्स कितीतरी सरस आहेत. ट्रॉल्या आणि भिंतीला ठोकलेली कपाटं तशीही क्लिकच्या, म्हणजे एकमेकांत अडकवायच्या, फ्लोअरिंगवर ठेवायची नसतात. ते फ्लोअरिंग टाइलवर नुसतं पहुडलेलं असतं, गरमीत थोडं पसरतं, थंडीत थोडं आकसतं. एका टोकाला जड फर्निचरनं ते खिळवलं की दुसऱ्या टोकाला सांधे उघडतात किंवा मध्येच पट्ट्या उचलल्या जातात. याच कारणासाठी भिंतीपासून सगळीकडे ६ ते ८ मिमी फट सोडून ती स्कर्टिंगनं झाकायची. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत जायला हवेत, पट्टीत नाही. नीटनेटकं दिसावं म्हणून फटीत पांढरं सिमेंट भरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यांच्यावर उभं राहून लक्ष ठेवा. प्रत्येक खोलीच्या दारात जोडपट्टी घालून फ्लोअरिंग तोडा, सलग घर एकत्र ओढू नका. आणि बॉक्स आधी दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा.

पश्चिमेला मोठी काच असेल तर तिथे गडद रंग नको. एप्रिलच्या दुपारी गडद पट्टीला हात लावून बघा, चटका बसतो. पडदा लावायची तयारी नसेल तर त्या खोलीत चिकटवलेला प्रकार जास्त स्थिर राहतो.

सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल खरं सांगतो. एसपीसी मऊ नसतं. १ मिमीच्या अस्तरानं गुडघ्यांना उशी मिळत नाही. फायदा होतो तो दोन बाबतींत: थंडीत टाइलसारखा गारठा तळव्यांना लागत नाही, आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत निवडला तर पाय घसरत नाही. घसरण्याच्या चाचणीचा आर-१० दर्जा मिळाला तर घ्या. खरंच मऊ हवं असेल तर फक्त त्यांच्या खोलीत डब्ल्यूपीसी टाका, आणि जड कपाटाच्या पायांखाली रुंद चकत्या द्या.

भाव विचारताना चौरस फुटाच्या एका आकड्यावर थांबू नका. त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, स्कर्टिंग, जोडपट्ट्या, लेव्हलिंग, दारं कापणं आणि मजुरी कोणाकडे, हे कागदावर घ्या. सरळ बसवायचं असेल तर मोजमापाच्या ८ ते १० टक्के जास्त माल लागतो, हेरिंगबोनला, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या मांडणीला, १५ पर्यंत. सगळे बॉक्स एकाच बॅचचे हवेत. नंबर बॉक्सच्या कडेला असतो, उतरवतानाच जुळवून घ्या. वॉरंटी कोण देतं ते विचारा. '२५ वर्षं' असं छापलेलं असतं आणि आत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फरशी समतल नसल्यास लागू नाही.

तर तुमच्या घराला: हॉल आणि एका बेडरूममध्ये एसपीसी, ४ मिमी पट्टी अधिक १ मिमी आयएक्सपीई, व्हर्जिन पीव्हीसी, परवान्याचं लॉक, हॉलला ०.५ आणि बेडरूमला ०.३ वेअर लेअर. सासूबाईंच्या खोलीत डब्ल्यूपीसी. स्वयंपाकघर आणि बाल्कनी आहे तशी ठेवा. उरलेल्या मालातला एक पूर्ण बॉक्स परत देऊ नका. तो पलंगाखाली आडवा ठेवा, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर नको. दोन-तीन वर्षांत तो रंग बंद होतो आणि एक पट्टी बदलायला अख्खी खोली उचकटावी लागते.